लहान मुलांची एचआयव्हीची विरघळणारी गोळी (तीन औषधं एकात): दीड वर्ष दिल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. जो एक स्टार कापलाय तो सगळाच गोळीच्या माथी नाही मारत मी, पण कापलाय.

गोळी म्हणजे अबाकाविर ६० मिग्रॅ, डोल्युटेग्राव्हिर ५ मिग्रॅ आणि लॅमिव्हुडीन ३० मिग्रॅ, तिन्ही एकत्र, पाण्यात विरघळवून दिवसातून एकदाच द्यायची. ३ किलोपासून २५ किलोच्या आतल्या मुलांसाठी. माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, आता माझ्याकडेच असते, ती अडीच वर्षांची असताना ही चालू झाली आणि आता ती चार वर्षांची आहे.

त्याआधी लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप होतं. ज्यांनी दिलंय त्यांना काही सांगायलाच नको. जहर कडू, त्यात ४२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, दिवसातून दोनदा, शिवाय बाकीची दोन औषधं वेगळी. एकीने हात धरायचे, एकीने सिरिंज गालात सरकवायची, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. मग परत द्यायचं का नाही, दिलं तर डोस डबल होईल का, नाही दिलं तर चुकेल का, ह्या विचारात रात्र जायची. हा त्रास फक्त आपला असता तर सोसला असता, पण डोस अर्धवट गेला की व्हायरसला औषधाची सवय व्हायला वेळ लागत नाही. आणि तेवढ्या वेळात मुलाच्या डोक्यात काय होतं ते मला उशिरा कळलं.

तिचं निदान दहाव्या महिन्यात झालं. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची साधी अँटीबॉडी टेस्ट कामाची नसते, कारण आईच्या अँटीबॉडीज (जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) बाळात तोपर्यंत राहू शकतात, म्हणून थेट व्हायरसच शोधणारी पीसीआर टेस्ट करावी लागते. ती खरं तर जन्मानंतर ४ ते ६ आठवड्यांतच व्हायला हवी होती. झाली नाही. आईचीच टेस्ट वेळेत झाली नव्हती तर बाळाची कोण करणार. तोवर तिला दोनदा न्यूमोनिया, कान सतत वाहायचे, तोंडात पांढरा बुरशीचा थर. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्या मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, १३ टक्के निघालं. एवढ्या लहान मुलांत नुसता आकडा बघून चालत नाही, निरोगी बाळाचा सीडी४ मुळातच मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त असतो, म्हणून टक्केवारी बघतात, आणि वर्षाच्या आत २५ टक्क्यांखाली म्हणजे परिस्थिती गंभीर धरतात. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की तिच्या रक्तात अँटीबॉडीज कमी नव्हत्या, उलट भरमसाट होत्या, पण निरुपयोगी. डॉक्टर म्हणाल्या, ताई, फौज मोठी आहे पण नेम कुणाचाच लागत नाहीये. त्यामुळे टोचलेल्या लसीही पुरत्या लागत नाहीत.

गोळीकडे येते. चव स्ट्रॉबेरीची म्हणतात, मी चाटून बघितली, मागून थोडी कडवट लागते पण सिरपपुढे अमृत. पंधरा-वीस मिली पाण्यात टाकून हलवली की दोन-तीन मिनिटांत विरघळते, विरघळल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्यायला लावा, करून ठेवू नका. आणि तळाशी गाळ उरतो!! तो महत्त्वाचा आहे, औषध त्यातच असतं, परत थोडं पाणी घालून हलवून तेही पाजायचं. पहिला आठवडाभर मी तो गाळ धुऊन टाकत होते, आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. डबीत ओल लागू नये म्हणून छोटी पुडी असते ती फेकू नका आणि गोळ्या दुसऱ्या डब्यात काढू नका. आयर्न किंवा कॅल्शियमचं सिरप चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, डोल्युटेग्राव्हिरला ते अडवतं, आमच्याकडे गोळी सकाळी आणि आयर्न रात्री असं ठरलंय. सुरुवातीला गोळीही रात्री द्यायचो तर झोपच येईना तिला, सकाळी केल्यावर ते थांबलं.

रिझल्ट. सहा महिन्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली. सीडी४ आता ३१ टक्के. न्यूमोनिया एकदाही नाही. गोवराची लस प्रतिकारशक्ती सावरल्यावर परत दिली. प्रतिकारशक्तीपुरतं विचाराल तर पाचच्या पाच स्टार. एक मात्र नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांसाठी सांगते, आमचं हे सिरपच्या वेळी झालं होतं पण कुठल्याही औषधाने होऊ शकतं: पहिल्या काही आठवड्यांत मूल बरं व्हायच्या ऐवजी बिघडल्यासारखं दिसतं. हिला बीसीजीची (टीबीची) लस दिलेल्या बाजूच्या काखेत ही मोठी गाठ आली. झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होऊन जुन्या जंतूंवर तुटून पडते म्हणून होतं. घाबरून औषध बंद करू नका, तडक डॉक्टरांना दाखवा.

आता तो कापलेला स्टार.

निदानाच्या आधीच ती बसायची थांबली होती. आठव्या महिन्यात छान बसायची, दहाव्यात लुढकायला लागली. पाय कडक, उभं धरलं की चवड्यांवर. डोक्याचा घेर चार्टवर खाली खाली जात होता, आणि आम्ही म्हणायचो घरात सगळ्यांचीच डोकी लहान. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आतल्या भागात, बेझल गँग्लियात, कॅल्शियमचे ठिपके. ह्याला एचआयव्ही एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे एचआयव्हीमुळे झालेला मेंदूचा आजार, म्हणतात हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला वाटायचं व्हायरस मेंदूच्या पेशी खातो, तर तसं नाहीये. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून लपून लवकरच मेंदूत शिरतो आणि तिथल्या राखणदार पेशींत, मायक्रोग्लियात, ठाण मांडतो, त्या पेशी सूज आणणारी रसायनं सोडत राहतात आणि शेजारच्या न्यूरॉन्सना, म्हणजे मेंदूचं काम करणाऱ्या पेशींना, व्हायरसची लागण न होताच ते मरतात. मोठ्या माणसात बांधलेलं घर पडतं, लहान मुलात घर बांधायचं कामच बंद पडतं, कारण पहिली दोन वर्षं हीच मेंदू वाढायची.

औषधांनी ते काम परत चालू झालं, हे खरं. बसली, एकविसाव्या महिन्यात सिरपवर असतानाच धरून उभी राहिली, गोळीवर आल्यावर आठ महिन्यांत सुटी चालायला लागली. डोक्याचा घेर परत वाढतोय. पण चवड्यांवर चालणं पूर्ण गेलं नाही, फिजिओथेरपी चालू आहे. बोलणं तर फार मागे. सगळं समजतं तिला, "मावशीची चप्पल आण" म्हटलं की बरोब्बर माझीच आणते, पण स्वतःहून दोन शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही. ह्या मुलांत समजण्यापेक्षा बोलणं जास्त मागे पडतं हे स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेव्हा थोडं हायसं वाटलं, म्हणजे मी काही चुकवत नव्हते. शाळेत गेल्यावर लक्ष लागणं, पटकन आठवणं ह्यातही अडचण येऊ शकते म्हणाल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले की लोक म्हणतात आता काय, झाली की बरी. रक्त झालंय हो बरं.

हीच गोळी दुसऱ्या महिन्यात मिळाली असती तर मी हा परिच्छेद लिहिलाच नसता बहुतेक. दक्षिण आफ्रिकेत तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला होता, २००८ साली छापून आला, लक्षणांची वाट न बघता लगेच उपचार सुरू केलेल्या बाळांत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तर ही गोळी नव्हतीच, कडू सिरपंच होती, तरीही.

बाकी तक्रार एकच, डब्यातल्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी आणि डोस वजनावर असल्यामुळे तोच कागद सारखा बघावा लागतो. ६ किलोच्या आत १ गोळी, ६ ते १० ला ३, १० ते १४ ला ४, मग २० पर्यंत ५, त्यापुढे ६. मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. दर भेटीत वजन स्वतः विचारून घ्या, आम्हाला एकदा जुन्याच वजनावर गोळ्या मोजून दिल्या होत्या. ती आता साडेतेरा किलोची आहे, म्हणजे पुढच्या खेपेला पाच लागतील, डबी काही दिवस आधीच संपणार, आजच फोन करून सांगते.