उताराच्या अंगणातल्या पायऱ्या: कोणता माल घ्यावा, कोणता टाळावा

पायऱ्यांसाठी दगड किंवा फरशी पाहायला जाताना पाण्याची बाटली सोबत न्यावी. नमुना जमिनीवर ठेवून भरपूर ओला करा, रोजची चप्पल घालून त्यावर उभे राहा आणि टाच पुढे रेटून पाहा. टाच सरकली तर तो तुकडा कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. सपाट अंगणात पाय घसरला तर माणूस बसतो, उतारावर घसरला तर खालच्या कडेवर आपटतो. इथे पकडीच्या बाबतीत तडजोड नको.

दुसरी कसोटी यापेक्षा मोठी आहे. पायरी स्वतःच्या वजनाने बसणार आहे की चिकटवल्यामुळे टिकणार आहे? उताराची जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते, भराव दबतो. जड, अखंड पायरी अशा वेळी थोडी बसते, पण ती उचलून खालची खडी नीट करून पुन्हा ठेवता येते. पातळ, चिकटवलेली पायरी मात्र पोकळ होते, तडकते आणि फोडूनच काढावी लागते. पुढचा सगळा कौल मुख्यतः या दोन कसोट्यांवर दिला आहे.

आधी माप घ्या, कारण मापावरच माल ठरतो. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवायची खोली यांची बेरीज ६० ते ६५ सें.मी. आली की चाल सहज पडते. बाहेरच्या पायऱ्यांना १५ सें.मी. उंची आणि ३५ सें.मी. खोली हे माप उत्तम. वर-खालच्या पातळीत १.८ मीटर फरक असेल तर १२ पायऱ्या होतात आणि त्यांना आडवी ४.२ मीटर जागा लागते. तीनच मीटर जागा असेल तर पायऱ्या उभ्या करू नका, उतारावर तिरप्या न्या किंवा मध्ये चौथरा देऊन वळवा. सगळ्या उंच्या सारख्या हव्यात. एखाद्याच पायरीत सेंटिमीटरभर फरक पडला तरी पाय अडखळतो. फरशीची जाडी हिशेबात न धरल्यामुळे हा फरक हमखास पहिल्या किंवा शेवटच्या पायरीत येतो.

अखंड दगडाची पायरी आमच्या मते सर्वांत चांगली. बसाल्ट आणि ग्रॅनाइट हे दोन्ही दगड पाणी फारच कमी पितात आणि कडा लवकर झिजत नाहीत. पॉलिश केलेला पृष्ठभाग मात्र अजिबात नको. टाकीने टाचलेला किंवा ज्योत मारून खरखरीत केलेलाच घ्या. दगड टांगून किंवा दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर सलग आहे, भद्द वाजला तर आत चीर आहे. वालुकाश्म घेणार असाल तर त्याचे थर आडवेच येतील असा बसवा. थर उभे राहिले की त्यात पाणी शिरून पापुद्रे सुटतात. चुनखडीचा दगड चालण्याने गुळगुळीत होत जातो आणि शेवाळ काढायला कुणी ॲसिड ओतलं की कायमचा खराब होतो. जांभ्याला पकड छान असते, पण तो सच्छिद्र आहे, ओल धरतो, शेवाळ लवकर येतं आणि कडा झडतात. तो बाजूच्या भिंतींना वापरावा, पाऊल ठेवायच्या जागी नको.

दगडाची खरी अडचण वजनाची. १२० × ४० × १५ सें.मी. मापाचा ग्रॅनाइटचा ठोकळा साधारण १९५ किलो भरतो, बसाल्टचा त्याहून थोडा जास्त. चार माणसं, पहारी आणि लाकडी रूळ लागतात, आणि गाडी कुठवर येते हे ऑर्डर देण्याआधीच पाहावं लागतं. बसवायला सुरुवात खालूनच. पहिल्या दगडाखाली १५ ते २० सें.मी. टोकदार खडी थरांनी धुमसून घ्या. गोल गोटे चालत नाहीत, ते एकमेकांत अडकत नाहीत आणि वजनाखाली सरकतात. वरच्या दगडाने खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर किमान ५ सें.मी. बसलं पाहिजे. वरच्या मापात ४० सें.मी.चा दगड आणि ३५ सें.मी.ची खोली धरली आहे ती यासाठीच. प्रत्येक दगडाला पुढच्या बाजूला ५ मि.मी. उतार द्या. पाणसळ लावताना मागच्या कडेपासून पुढे पाहा. उतार उलटा गेला तर पाणी मागच्या सांध्यात साचून खालची खडी धुऊन नेतं.

काँक्रीट दुसऱ्या क्रमांकावर, आणि गाडी पोहोचत नाही तिथे पहिल्या. हे दिसायला साधं असतं, पण कोणत्याही मापात होतं आणि पायरी व तिचा पाया एकच राहतो. १.२ मीटर रुंदीच्या १२ पायऱ्या, खाली १२ सें.मी. जाडीचा तिरपा स्लॅब आणि पायथ्याशी ३० × ३० सें.मी.ची अडवण मिळून सुमारे १.१५ घनमीटर काँक्रीट लागतं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणात ५० किलोच्या ९ ते १० गोण्या. पायथ्याची अडवण वगळू नका, तिच्याशिवाय अख्खा जिना उतारावरून खाली सरकू पाहतो.

बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. एका गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल सहज ओतता यावा म्हणून पाणी वाढवलं की वर मऊ थर येतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची पूड निघू लागते. पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरण्याची सवयही तितकीच वाईट, कारण तो पातळ पापुद्रा सुटतो आणि सुटेपर्यंत घसरवतो. वर आलेलं पाणी जिरू द्या, मग रंधा फिरवा आणि चालण्याच्या दिशेला आडवा कडक झाडू ओढा. त्या रेघांनीच पकड मिळते. सळयांवर किमान ४० मि.मी. काँक्रीट हवं, त्यासाठी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे काँक्रीटचे ठोकळे, वापरा. विटेचा तुकडा खाली सरकवला तर तिथूनच ओल सळईपर्यंत पोहोचते. किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस, ओली पोती घालून पाणी मारत राहा. आणि ताज्या भरावावर काँक्रीट ओतू नका. जमीन कापून मिळालेल्या घट्ट थरावर ओता, नाहीतर भराव नीट थरांनी धुमसून किमान एक पावसाळा जाऊ द्या.

काँक्रीटवर २० मि.मी. दगडी फरशी लावण्याचा मोह अनेकांना होतो. लावायचीच तर खालचा माल कडेपर्यंत सलग भरलेला हवा. चार कोपऱ्यांत ढिगारे ठेवून दाबलेली फरशी मध्ये पोकळ राहते आणि पुढे काढलेली कड पहिल्या जड कुंडीने तुटते. कड दोन सेंटिमीटरपेक्षा पुढे नको, आणि तिच्याखाली पाणी तोडणारी खाच हवी, म्हणजे ओघळ मागे वळून सांध्यात शिरत नाही.

सिरॅमिक टाइलला आमचा स्पष्ट नकार. पोर्सिलेन थोडी बरी, ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. पण पकडीचा दर्जा आर-११ किंवा त्यावरचा असेल तरच विचार करा, आणि तीही शेवटी चिकटवलेलीच असते.

वीट उभ्या कडेवर लावली तर सुंदर दिसते, पकडही चांगली. फक्त पक्की भाजलेली घ्या. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. तीन किलोच्या विटेचं वजन ३०० ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर ती पायऱ्यांना नको. ओल धरणाऱ्या विटेला लोणा लागतो आणि कडा भुरभुरतात.

लाकडाच्या आडव्या ओंडक्यांमागे खडी भरून केलेल्या पायऱ्या सर्वांत झटपट होतात आणि उथळ उताराला शोभतात. ओंडक्याला भोकं पाडून १२ मि.मी. सळया ७५ ते ९० सें.मी. खोल ठोकल्या नाहीत, तर मागची खडी त्याला हळूहळू पुढे ढकलते. खडी ६ ते १० मि.मी., टोकदार, आणि तिच्याखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) कापड, नाहीतर ती मातीत मुरते. दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड घ्या, आणि कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावा, कारण ते आतपर्यंत पोहोचलेलं नसतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घराशी नकोत. त्यांत मुरवलेलं क्रिओसोट हे डांबरी तेल उन्हात पाझरतं, कपड्यांना चिकटतं आणि त्वचेला घातक असतं. आणि कितीही चांगलं लाकूड असलं तरी मातीला टेकलेला भाग ओला राहतो, बुरशी आणि वाळवी तिथूनच सुरू होते. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, फळ्या वाळवीला बळी पडत नाहीत, पण उन्हात अनवाणी पाय ठेवता येत नाही इतक्या तापतात आणि जवळ-जवळ आधार दिला नाही तर वाकतात.

मालावर खर्च ठरवताना पाण्याच्या वाटेसाठी रक्कम आधी काढून ठेवा. सर्वांत वरच्या पायरीच्या मागे एक आडवी चर खणून तिच्यात खडी आणि छिद्रांचा पाइप टाका आणि वरून येणारं पाणी पायऱ्यांच्या बाजूने खाली न्या. पायऱ्या बांधण्याआधी वरून दोन बादल्या पाणी सोडा आणि ते कुठून उतरतं ते चुन्याने आखून घ्या. चर त्या रेषेवरच यायला हवी.