दर्यापुरातला पिलाटीज क्लास – चार महिन्यांचा अनुभव

मी सेतू केंद्र चालवते, गाव दर्यापूरपासून बारा किलोमीटर. जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते तं सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर, मान पुढं, उजवा हात माऊसवर, अन् सर्व्हर अडकला की उठताही येत नाही कारण समोर बायामाणसं पोरांच्या अ‍ॅडमिशनचे कागद धरून ताटकळत बसलेली असतात. दोन वर्षं कंबर दुखून राहिली होती. उठायचं तं टेबलाला हात टेकूनच. एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, मी मात्र मलम लावून शेकत राहिले.

मग फेब्रुवारीत हा पिलाटीजचा क्लास लावला, म्हणजे श्वासासोबत सावकाश करायचे पोट-कंबरेच्या स्नायूंचे व्यायाम. शिकवणाऱ्या ताई शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट आहेत, लग्न होऊन नागपूरहून आल्या. मशीन वगैरे काही नाही, फक्त मॅट. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं अन् म्हणाल्या, जसं सेंटरवर बसता तसंच बसा. पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग सांगितलं की दुखते कंबर, पण ढिलं पडलंय पोट. पोटाच्या आत पट्ट्यासारखा गुंडाळलेला एक स्नायू असतो, तो कंबरेला धरून ठेवतो. तासन् तास वाकून बसलं की त्याला काम राहत नाही, मांडीच्या वर पुढून जे स्नायू असतात ते आखडतात, बसायच्या जागेचे ढिले होतात, अन् सगळा भार कंबरेवर येतो. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस जास्त करून श्वासच. ताई दोन्ही बाजूंनी बरगड्यांवर हात ठेवायच्या अन् म्हणायच्या, माझे हात बाजूला ढकला, पोट फुगवू नका. मले तं वाटलं याचे काय पैसे घेता. पण त्यानंतर ‘हंड्रेड’ शिकवलं तेव्हा समजलं. पाठीवर झोपायचं, डोकं-खांदे उचलायचे, पाय वर, हात सरळ ठेवून खालीवर हलवायचे, पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा म्हणजे शंभर. श्वास नीट नसेल तं तिसऱ्यातच मान दुखते. मी सुरुवातीला डोकं मॅटवर ठेवूनच केलं, पाय दुमडून, आता पूर्ण जमते.

हे सगळं काढणारा जोसेफ पिलाटीज, जर्मनीत 1883 साली जन्मला, लहानपणी दम्यानं आजारी असायचा. तो या व्यायामाला ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा, म्हणजे शरीरावर ताबा ठेवायची विद्या, नाव बरोबर आहे कारण घाईनं वीस करण्यापेक्षा सावकाश पाच केलेले जास्त लागतात.

सासूबाई म्हणे, “आमी जलमभर निंदलं, कोणता किलास लावला व बाई?” पण कंबर त्यांचीही दुखते, त्या सांगत नाहीत एवढंच. ताईंना विचारलं तं म्हणाल्या, या वयात हाडं ठिसूळ असू शकतात, आधी डॉक्टरला दाखवा, अन् पुढं वाकून उठायचे प्रकार अजिबात नको. दाखवून घेतलं, मग फक्त ब्रिज शिकवला: गुडघे दुमडून झोपायचं अन् कंबर सावकाश उचलायची. बाजेवर नाही, खाली सतरंजीवर. आता मी चहा मांडते तेव्हा त्या आठ वेळा करतात.

वजन कमी होईल म्हणून लावू नका, माझं एक किलोही हललं नाही. मला फरक दिसला तो उठण्या-बसण्यात, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एक दिवस टेबलाला हात न लावता उठले अन् ते नंतर लक्षात आलं. मानेचं दुखणं निम्मं झालं, पूर्ण गेलं नाही.

तक्रारी दोन. बॅचमधे चौदा बाया, ताईंचं लक्ष सगळ्यांकडे पुरत नाही, अन् चुकीचं केलं तं याचा त्रासच होतो, म्हणून आठच्या वर घेऊ नये असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. दुसरं, हॉल टिनाच्या छताखाली, एप्रिल-मे मधे सकाळी सहालाही भट्टी, लाईन गेली की पंखाही बंद.

फी महिन्याला नऊशे, आठवड्यातून तीन दिवस, मॅट आपली आपण न्यायची. स्लिप डिस्क असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तं आधी डॉक्टरला दाखवा, ताई स्वतःच रिपोर्ट मागतात.

सेंटरवर मी आता दर चाळीस मिनिटांनी मोबाईलचा अलार्म लावते अन् उठून भिंतीला पाठ टेकून दोन मिनिटं उभी राहते. लाईनीतली माणसं थांबतात, कोणी बोललं नाही अजून, उलट परवा बँकेतला एक जण विचारत होता की माणसांची बॅच आहे का. नाही, पण पाच-सहा जण झाले तं ताई संध्याकाळची सुरू करायला तयार आहेत.