लाइट आली की ट्वीटर जातो : ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर, नऊ महिने वापरून

एप्रिलमधली दुपार. अमळनेरात दोनला गेलेली लाइट साडेचारला आली. हॉलमधली सिस्टिम गाणं चालू असतानाच बंद पडली होती आणि तिची बटनं तशीच चालू राहिली होती. लाइट येताच स्पीकरच्या दोन्ही डब्यांतून ‘धप्प’ असा आवाज झाला, की आत झोपलेले वडील उठून बाहेर आले. नंतर गाणं लावलं तर डावा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर, मुका. मल्टिमीटर लावला. कॉइल ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली.

तोपर्यंत पाच महिने मी माझ्या ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरची भेटेल त्याच्याजवळ तारीफ करत होतो. क्रॉसओव्हर म्हणजे गाण्यातले खालचे सूर वूफरला (मोठ्या स्पीकरला) आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं मशीन. ॲक्टिव्ह म्हणजे विजेवर चालणारा, ॲम्पच्या आधी बसणारा. मग वूफरला आणि ट्वीटरला वेगवेगळा ॲम्प लागतो. दिवाळीनंतर घेतला होता. ॲनालॉग, स्टीरिओ टू-वे, २४ डेसिबलवाला (सूर तोडायचा उतार तेवढा तीव्र), डीजेवाले रॅकमध्ये बसवतात तसला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतलं कोणतंही मशीन घ्याल तरी मी पुढे लिहितोय तो प्रश्न आधी विचारावा लागणार आहे. सोबतची सिस्टिम अशी : आठ इंची वूफर, एक इंची सिल्क डोमचा ट्वीटर, १८ मिलिमीटर प्लायचे डबे गावातल्या सुताराकडून करून घेतलेले, आणि टीडीए ७२९४ चिपच्या ॲम्पचे चार चॅनल. डीएसपीवालं, म्हणजे डिजिटल, का घेतलं नाही असं बरेच जण विचारतात. त्यात डिले मिळतो, इक्वलायझर मिळतो, सगळं मान्य. पण मला मिळालेल्या भावात ते जवळजवळ तिप्पट पडत होतं, वर मोजायचा माइक वेगळा. एवढा पैसा एकदम घालायची माझी तयारी नव्हती.

आवाजाबद्दल तक्रार नाही, आजही नाही. जुना पॅसिव्ह क्रॉसओव्हर (ॲम्पच्या पुढे, डब्यात बसणारा, विजेशिवायचा) काढून हा लावला त्या रात्री जुनी नाट्यपदं लावली होती. पूर्वी आवाज वाढवला की डग्गा गाणाऱ्याच्या अंगावर यायचा. आता डग्गा त्याच्या जागी आणि गळा त्याच्या जागी. वूफरला जास्त ताकद लागली तरी ट्वीटरच्या ॲम्पला त्याचं काही देणंघेणं नसतं, त्याचा हा फरक. लिंकविट्झ-रायलीची २४ डेसिबलची रचना असल्यामुळे सांध्यावर, म्हणजे दोन स्पीकरांत सूर वाटले जातात त्या अडीच हजार हर्ट्‌झवर दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असतात आणि एका फेजमध्ये (लहरी एकाच वेळी वर-खाली होत) जुळून सपाट होतात. सिगफ्रिड लिंकविट्झ यांचा याबद्दलचा लेख १९७६ चा आहे, आणि त्याच हिशेबावर आज माझ्या हॉलमध्ये भजन वाजतं याचं मला अजून अप्रूप वाटतं. सांधा कुठे आहे ते कान लावूनही सापडत नाही.

आता त्या ‘धप्प’बद्दल. या मशीनबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हेच.

पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या आधी एक कपॅसिटर असतोच. तो डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) अडवतो, खालचा आवाज अडवतो. ॲक्टिव्ह केलं की तो कपॅसिटर निघतो आणि ट्वीटर थेट ॲम्पच्या तोंडाला बांधला जातो. त्याच्यावर पाखर घालणारं काहीच उरत नाही. क्रॉसओव्हरला वीज मिळते त्या क्षणी आतला सप्लाय स्थिर व्हायच्या आधी आउटपुटवर एक झटका येतो. चांगल्या मशीनमध्ये आउटपुटला रिले (विजेवर उघड-बंद होणारा स्विच) असतो, तो सगळं शांत झाल्यावरच वाट उघडतो. माझ्यात तो नाही. काट्याचा जुना मीटर लावून पाहिलं तर मशीन चालू करताना काटा एक व्होल्टच्या पुढे उडतो, आणि काट्याला जेवढं दिसतं त्यापेक्षा खरा झटका मोठाच असणार. ॲम्प त्याला तीस पट करतो, म्हणजे सप्लायमध्ये जेवढं आहे तेवढं सगळं क्षणभर त्या एक इंची डोमवर. टीडीए ७२९४ ला म्यूटची (आवाज दाबून ठेवायची) सोय आहे, माझ्या बोर्डांवर ती जोडलेलीही आहे. पण ॲम्पचं म्यूट आधी सुटतं आणि क्रॉसओव्हरचा झटका त्याच्यानंतर येतो.

नियम सगळ्यांना माहीत आहे : आधी क्रॉसओव्हर चालू, शेवटी ॲम्प, बंद करताना उलट. मीही तो पाळत होतो. पण इथे लाइट आपल्याला विचारून जात नाही आणि विचारून येत नाही. भारनियमन, झाडाची फांदी, डीपीचा फ्यूज, काहीही कारण असो, परत येताना ती सगळ्यांना एकाच वेळी येते. असलं मशीन डीजेच्या गाडीसाठी बनवलेलं आहे. तिथे जनरेटर असतो आणि मशीनजवळ एक माणूस उभा असतो. घरात मशीनजवळ कोणी उभं नसतं.

इन्व्हर्टरवर टाकून पाहिलं. आमचा इन्व्हर्टर साधा, स्क्वेअर वेव्हचा. लाइट गेली की ट्वीटरमधून माशी घोंघावल्यासारखा आवाज, आणि बदल होताना एक ‘टक्’ वेगळाच. काढून टाकलं.

वॉरंटी होती म्हणून तक्रार केली. ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला, तुमच्या गावच्या लाइटचा प्रॉब्लेम. सर्व्हिसवाल्यांनी मशीन मुंबईला मागवलं, कुरिअर माझ्या खर्चाने. तेवीस दिवसांनी ते परत आलं आणि सोबत कागद : दोष आढळला नाही. त्यांनी मशीन चालवून पाहिलं असेल, आवाज पाहिला असेल. चालू होतानाचा झटका कोणी मोजला का, असं मी फोनवर तीनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. डोमचा डायफ्राम ९५० रुपये, कुरिअर जाऊन-येऊन ६२० रुपये. घरात कोणी काही बोललं नाही, पण मला ते पैसे सलत राहिले.

इथपर्यंतचं मेच्या शेवटी लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली एकच ओळ होती : घेऊ नका. आता ऑगस्ट चालू आहे. ती ओळ मी काढली आहे, का काढली ते लिहितो.

जूनमध्ये मामा आले होते. बोरी नदीकाठी त्यांचं शेत आहे, कपाशी आणि थोडी केळी. मी मशीन उघडून बसलो होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुना मशीनले मोटारना स्टार्टर काबर लावत नही?” माझं उत्तर यायच्या आधी त्यांनीच पुढे समजावलं. विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. लाइट गेली की आतली कॉइल सुटते आणि काँटॅक्ट उघडतात. लाइट परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही, हिरवं बटन दाबावं लागतं. रात्री-अपरात्री शेतात जावं लागू नये म्हणून लोक त्याला ऑटोस्विच लावतात आणि मग सगळ्या मोटारी एकदम उठून डीपी जळते. म्हणूनच महावितरण ते ऑटोस्विच काढायला सांगत असतं. डीपीवर जे होतं तेच माझ्या ट्वीटरवर होत होतं.

मामांनी दुसऱ्या दिवशी शेतातला जुना स्टार्टर पाठवला. तो लागला नाही. हिरवं बटन दाबलं की नुसता गुरगुरायचा आणि सोडलं की पडायचा. झाकण काढून कॉइलवर वाचलं : ४१५ व्होल्ट. थ्री फेजच्या स्टार्टरला दोन फेजांमधला दाब लागतो, घरच्या २३० वर त्याची कॉइल धरत नाही. मग मोटार वायंडिंगच्या दुकानातून सिंगल फेजचा, २४० व्होल्ट कॉइलचा आणला, ११५० रुपयांना. वायरमन बोलावून भिंतीवर बसवून घेतला. चारही ॲम्प त्याच्यावर, क्रॉसओव्हर वेगळ्या साध्या प्लगवर. आता लाइट येते तेव्हा क्रॉसओव्हर एकटा उठतो, त्याचा जो काही झटका आहे तो बंद ॲम्पवर वाया जातो. दहा सेकंद थांबायचं, हिरवं बटन दाबायचं, स्टार्टर ‘खट्’ करतो आणि सिस्टिम शांतपणे चालू होते.

त्याच दुकानात दुसरी गोष्ट मिळाली. लाइट जाताना उरलेल्या सेकंदात ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये जीव असतो आणि क्रॉसओव्हर मरताना एक ‘फुर्र’ काढतोच. त्याच्यावर उपाय म्हणून ट्वीटरला परत एक कपॅसिटर लावायचा, पण एवढा मोठा की सांध्याला धक्का लागू नये. आठ ओहमला ३६ मायक्रोफॅरड धरला तर त्याची मर्यादा साधारण ५५० हर्ट्‌झवर येते. अडीच हजारावर पाव डेसिबलही कमी होत नाही, आणि डीसी पूर्ण अडतो. ऑडिओच्या नावाने विकला जाणारा एवढा कपॅसिटर महाग. सबमर्सिबलच्या पॅनलमध्ये असतो तो ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा रन कपॅसिटर आतून पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. दोन घेतले, ४६० रुपये. रन कपॅसिटरच घ्यायचा. स्टार्ट कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो, तो इथे चालत नाही. डब्यात मावत नाहीत इतके जाड आहेत, म्हणून मागच्या बाजूला क्लॅम्पने बांधलेत. आवाजात फरक पडला का हे पाहायला मी आणि मुलगी दोन रात्री बसलो, ती लावायची-काढायची आणि मी पाठ करून ऐकायचो. मला ओळखता आलं नाही.

बाकीचं थोडक्यात. फोनमधून थेट सिग्नल दिला तर कमी पडतो, कारण हे मशीन प्रोफेशनल लेव्हलचं आहे. मग लोक क्रॉसओव्हरचं गेन कमी ठेवून ॲम्प पूर्ण उघडतात आणि ट्वीटरमधून सूं ऐकू येतो. उलट करा : क्रॉसओव्हरला भरपूर सिग्नल, ॲम्पच्या इनपुटला पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटन) लावून तिथे कमी करा. रात्री एक मीटरवरून ऐकू येणारा सूं आता कान डोमला लावल्यावरच येतो. फ्रीक्वेन्सी दहापट करायचं बटन बारीक आहे आणि धूळ पुसताना दाबलं जाऊ शकतं. ते बाहेर आलं तर अडीच हजाराचे अडीचशे होतात आणि तिथे कपॅसिटरही पुरा पडणार नाही. त्याच्यावर पट्टी चिकटवा. मेच्या उन्हाळ्यात क्रॉसओव्हर जेमतेम कोमट होता, ॲम्पच्या हीटसिंकला मात्र हात लावता येत नव्हता. तो दोष क्रॉसओव्हरचा नाही.

जूनपासून लाइट किती वेळा गेली ते मोजलं नाही, पावसाळ्यात ती जातेच. दोन्ही ट्वीटर शाबूत आहेत. सकाळी वडील स्वतः हिरवं बटन दाबून आकाशवाणी जळगाव लावतात, त्यांना माझी गरज लागत नाही.

म्हणून माझं मत आता असं : घ्या, पण स्टार्टरचे आणि कपॅसिटरचे पैसे धरूनच किंमत काढा. माझे १६१० रुपये वरून गेले, तरी डीएसपीच्या भावाच्या बराच खाली राहिलो. सर्व्हिसवाल्यांबद्दलचं मत बदललेलं नाही. रिले न बसवून जे पैसे वाचवले त्याचा खर्च त्यांनी माझ्या घरी पाठवला. दुकानात गेलात तर मशीनला फक्त एखादा जुना वूफर आणि ॲम्प जोडायला सांगा, ॲम्प चालू ठेवून मशीनची वायर काढा, परत घाला, आणि कोन किती उडतो ते डोळ्यांनी पाहा. दुकानदार नको म्हणाला तर मशीन तिथेच राहू द्या. आणि स्टार्टर घ्यायला जाल तेव्हा डब्यावरचं वाचून विश्वास ठेवू नका, झाकण उघडून कॉइलवर २४० लिहिलंय का ते पाहून घ्या.