सिटी हॉलचा सहा गुरुवारांचा फुकट क्लास : त्या घंटेसाठी तरी जाच

टेक्सासातल्या मंडळींसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. आमच्या गावाचा सिटी हॉल रहिवाशांसाठी गावाचा कारभार कसा चालतो यावर एक क्लास घेतो, सहा गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते नऊ, फी शून्य, वर सँडविचचा डबा. गावाचं नाव सांगत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला राहायचंय तिथेच. डॅलसच्या आजूबाजूला बऱ्याच गावांत असे क्लास असतात, आपापल्या सिटीच्या साइटवर बघा.

मी का गेलो ते आधी सांगतो. आमच्या घरामागे नाला आहे, दोन पावसाळी आठवडे झाले की तुंबतो आणि पाणी कुंपणापर्यंत येतं. आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलच्या बाईंना मेल केला, भेटलो पण, म्हटलं तुमच्या त्या पब्लिक वर्क्सच्या माणसाला जरा झापा ना. तर बाई म्हणाल्या मला त्याला थेट सांगता येत नाही, चार्टरमध्ये, म्हणजे गावाच्या घटनेत, बसत नाही. मला वाटलं झालं, टोलवाटोलवी. पुण्यात वाढलेल्या माणसाला नगरसेवक इंजिनिअरला फोन करू शकत नाही हे पटेल का सांगा! आमच्या लहानपणी नगरसेवक स्वतः ड्रेनेजच्या झाकणाशी उभा राहून माणसं कामाला लावायचा. म्हणून चिडून नाव नोंदवलं.

पहिले तीन गुरुवार ठीकठाक. बजेट, पोलीस, फायर स्टेशनची ट्रिप (पोरांना न्यायला परवानगी नाही, असायला हवी होती). एवढंच.

चौथा गुरुवार मात्र पैसा वसूल, म्हणजे पैसे घेतलेच नव्हते पण तरी. विषय होता चार्टर आणि निवडून आलेल्या माणसाने काय बोलायचं, काय नाही. टेक्सासात ५,००० च्या वर वस्ती असली की गाव मतदान घेऊन स्वतःचं चार्टर करू शकतं, आणि एकदा दुरुस्ती केली की दोन वर्षं परत हात लावता येत नाही. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी की कौन्सिलने धोरण ठरवायचं आणि मॅनेजर नेमायचा, पुढचा कारभार मॅनेजरचा. आपल्या आयुक्तासारखा, फक्त आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि इथे मॅनेजरला कौन्सिलच ठेवते, कौन्सिलच काढते. आणि म्हणून चार्टरमध्ये एक कलम असतं की कौन्सिलच्या मेंबरने मॅनेजरच्या हाताखालच्या कुणालाही हुकूम द्यायचा नाही, ना उघड ना खाजगीत.

आता हे कलम नुसतं वाचून दाखवलं असतं तर मी झोपलो असतो. पण शिकवणाऱ्या बाईंनी, सिटीच्याच वकील त्या, हॉटेलच्या काउंटरवर असते तसली टिंग करणारी घंटा आणली होती. आमच्यातल्या सात जणांना कौन्सिल केलं, एका रिटायर्ड शिक्षकांना इंजिनिअर केलं, आणि म्हणाल्या बोला काय बोलायचंय ते. मी अर्थातच नाल्यावर गेलो. "उद्या माणसं पाठवून नाला साफ करून घ्या." टिंग. "बरं, उद्या नाही, या आठवड्यात करा." टिंग. "हे काम का रेंगाळलंय, किती दिवस झाले?" घंटा गप्प. नुसती माहिती विचारायला मुभा आहे. मग मला चेव आला, म्हटलं "या गावाला लाज वाटायला पाहिजे, नाल्याला पैसे नाहीत आणि कारंज्याला आहेत!" मला वाटलं आता जोरात वाजणार. वाजलीच नाही. बाई म्हणाल्या हे मत आहे, मत तुम्ही सभेत मांडा, पेपरात लिहा, चौकात ओरडा, चार्टर तुमचं तोंड धरत नाही, चार्टर तुमचा हुकूम धरतं. हा फरक मला चाळीशी उलटल्यावर एका दहा डॉलरच्या घंटेने कळला.

मग त्या ह्यूस्टनच्या केसवर आल्या, ती भारी आहे. ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डावर डेव्हिड विल्सन नावाचे गृहस्थ २०१३ मध्ये निवडून आले आणि बाकीच्या ट्रस्टींशी त्यांचं अजिबात पटेना. बोर्डावर कोर्टात दावे ठोकले, मतदारांना रेकॉर्ड केलेले फोन लावले, एका ट्रस्टीचा पत्ता खरा आहे का बघायला खाजगी डिटेक्टिव्ह सुद्धा लावला. शेवटी २०१८ मध्ये बोर्डाने त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला, तर हे म्हणाले माझ्या बोलण्याच्या हक्कावर गदा आली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि मार्च २०२२ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की नुसत्या शाब्दिक निषेधावर दावा चालत नाही. निकाल लिहिला नील गोर्सच यांनी. सार असं की निवडून आलेल्या माणसाने टीका सोसायची तयारी ठेवावी, आणि तुम्हाला बोलायचा हक्क आहे तसा तुमच्यावर बोलायचा तुमच्या सहकाऱ्यांना पण आहे. आता यात मेख अशी की त्या ठरावात प्रवासखर्च बंद, पदाधिकारी होता येणार नाही असल्या शिक्षा पण होत्या, आणि त्यांचं काय ते कोर्टाने या निकालात ठरवलंच नाही. आमच्या हँडआउटवर एवढंच छापलेलं, "निषेध चालतो". अर्धवट! अर्धा स्टार मी इथेच कापला.

दुसरी तक्रार जास्त मोठी. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी हात वर करून विचारलं की कॅसल हिल्सचं काय. सॅन अँटोनिओला लागून छोटंसं गाव आहे, तिथे २०१९ मध्ये सिल्व्हिया गोंझालेझ नावाच्या बाई कौन्सिलवर निवडून आल्या, वय ७२. सिटी मॅनेजरला काढा असा लोकांच्या सह्यांचा अर्ज त्यांच्या पुढाकाराने सभेत आला आणि सभा संपल्यावर तोच अर्ज त्यांच्या फाइलमध्ये सापडला. त्या म्हणाल्या चुकून गेला. तर सरकारी कागदाशी छेडछाड केली म्हणून गुन्हा, अटक, ७२ वर्षांच्या बाई एक संध्याकाळ तुरुंगात! नंतर सरकारी वकिलाने केस सोडून दिली. बाईंच्या वकिलांनी त्या काउंटीतली दहा वर्षांची प्रकरणं चाळली, तर असल्या अर्जासाठी हे कलम कुणावरच लावलेलं नव्हतं, आणि जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की खालच्या कोर्टाने हा पुरावा बघायलाच हवा होता. काकूंनी हे सगळं मस्त सांगितलं आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "इंटरेस्टिंग, पण वेळ कमी आहे." अहो वेळ कमी कसा, त्याच्या आधी वीस मिनिटं गावाच्या लोगोचा इतिहास चालला होता! सिटीच्या पगारावरची वकीलबाई, तिला मॅनेजरविरुद्धच्या अर्जावर बोलायचं नसणार, समजू शकतो, पण मग हुकूम आणि मत हा फरक शिकवून उपयोग काय जर मत मांडणारीलाच भलत्या कलमाखाली आत टाकता येत असेल.

सोशल मीडियाचा भाग परत चांगला होता. मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरनच्या सिटी मॅनेजरने, जेम्स फ्रीड, फेसबुकवर एकाच पेजवर मुलीचे फोटो पण टाकले आणि कोविडच्या सूचना पण, आणि तिथे टीका करणाऱ्या एका रहिवाशाला ब्लॉक केलं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कसोटी दिली, की त्या माणसाला सरकारतर्फे बोलायचा अधिकार खरंच होता का आणि ती पोस्ट टाकताना तो अधिकार वापरतोय असं त्याने दाखवलं का, दोन्ही हो असेल तरच ते सरकारचं वागणं, आणि तरच ब्लॉक केल्याबद्दल बोलण्याच्या हक्काचा दावा चालतो. मॅनेजर नेमलेला असतो, निवडलेला नाही, पण कसोटी कौन्सिलवाल्यांना पण तीच. बाईंचा सल्ला साधा, पेजवर "हे माझं खाजगी पेज" असं ठळक लिहा, कोर्ट अशा पाटीला बरंच वजन देतं, आणि कुणाला ब्लॉक करण्याआधी दहा आकडे मोजा.

एक गोष्ट डोक्यात राहिली. मी विचारलं की इथे व्हिप असतो का, कारण आपल्याकडे पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर १९८६ च्या अनर्हता कायद्यात नगरसेवकपद जाऊ शकतं. बाईंना व्हिपच कळेना, कारण इथल्या बहुतेक गावांत निवडणूक पक्षाशिवायच होते. पण म्हणाल्या, मत देणं म्हणजे बोलणं नव्हे, ते पण कोर्टाने सांगितलंय, २०११ मध्ये, नेवाडातल्या स्पार्क्सच्या कॅरिगन नावाच्या कौन्सिलमनच्या केसमध्ये. आपल्या कॅम्पेन मॅनेजरचा जिथे संबंध होता त्या हॉटेल-कॅसिनोच्या प्रोजेक्टवर त्यांनी मत दिलं होतं आणि त्यावरून त्यांच्यावर ठपका आला होता. कोर्ट म्हणालं, सभेत दिलेलं मत (व्होट) तुमचं नाही, लोकांचं आहे, तुम्ही फक्त त्यांच्या वतीने देता. मग मी आपल्याकडे सभागृहात राजदंड कसा पळवतात ते सांगितलं, तर सगळ्या वर्गाने खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. राजदंड पळवणं हे बोलण्यात मोडतं का यावर ब्रेकमध्ये पंधरा मिनिटं चर्चा, सगळ्यात जिवंत चर्चा तीच.

बाकी किरकोळ. व्हेज डब्यात दोन ब्रेडमध्ये चीज आणि पाला, घरून थेपले न्या. एसी बेफाम, स्वेटर लागतो. चार्टर ज्या साइटवर आहे तिचं सर्च भंगार आहे, शब्द टाकला की भलतंच कलम उघडतं, त्यापेक्षा क्लर्ककडे छापील प्रत मागा, मला लगेच दिली.

पाचपैकी साडेतीन. क्लास संपल्यावर कौन्सिलच्या बाईंना परत भेटलो, आधी सॉरी म्हणालो. त्यांनी मॅनेजरला मेल टाकून मला कॉपीत ठेवलं आणि पुढच्या सभेच्या अजेंड्यावर नाल्याचा आयटम घेतला. आयटमवर लोकांना बोलू द्यावंच लागतं, २०१९ पासून राज्याचा कायदाच आहे तसा. मला तीन मिनिटं मिळणार आहेत, घरी टायमर लावून बघितलं तर चार वीस होतायत, कारंज्याचा भाग कापावा लागेल असं दिसतंय.