कोकणातल्या गाडीला खालून काय मारावं: रबरी कोटिंग की मेण?

गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल तर अंडरबॉडी, म्हणजे गाडीच्या तळाला गंज न धरणारा थर, करावं की नाही, हा प्रश्नच नाही. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी गंज आपलं काम करत असतो. काय मारायचं एवढंच ठरवायचं. रत्नागिरीत माझ्या आधीच्या गाडीला रबरी कोटिंग होतं, आताच्या गाडीला मेणाचा फवारा आहे.

रबरी थराला नावं ठेवायचं कारण नाही. चाकाखालची खडी मडगार्डला आतून आपटते, तो आवाज चांगलाच कमी होतो. महामार्गाच्या कामातून रोज जाणाऱ्याला हे सुख लहान नाही. शिवाय एकदा मारलं की काही वर्षं बघायला नको म्हणतात.

माझं बिनसलं ते इथंच. बघायचं म्हटलं तरी काही दिसत नाही! जॅक लावतो तिथं थराला चीर गेली, आत पाणी शिरलं आणि तिथंच मुरलं. वरून मात्र सगळं काळंभोर, ठणठणीत. गॅरेजवाल्याने स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर अख्खा पोपडा हातात आला आणि आतला पत्रा सडलेला.

मेण पातळ असतं. वेल्डच्या जोडांत, दाराच्या आतल्या घडीत, फुटबोर्डाच्या पोकळीत झिरपतं. गंजाची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. थर अर्धपारदर्शक, त्यामुळे गंज धरलाच तर रॅम्पवर लगेच नजरेस पडतो. कटकट आहेच. धूळ चिकटते, सुरुवातीला वास येतो, प्रेशरने धुतलं की निघतं, म्हणून दर मे महिन्यात पुन्हा खर्च. मला तो परवडतो, कदाचित तुम्हाला जड वाटेल.

घाटावरच्या कोरड्या भागात रबरी थर बहुतेक पुरेल. गाडी नवी कोरी असेल तर खाली रबरी आणि पोकळ्यांत मेण, असंही करता येतं. जुन्या गाडीला मात्र गंजावरूनच रबरी थर मारून घेऊ नये, असं माझं मत.

काहीही मारा, ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर झाकायला सांगा. दाराखालची पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना, ते स्वतः वाकून बघा. आणि गाडी धुतल्या धुतल्या फवारणी करू देऊ नका. जोडांतलं पाणी वाळायला एक कडक ऊन तरी लागतं.