फिल्म स्टडीजची पदवी : खान्देशातून हिशेब मांडला तर

नावात 'फिल्म' असलं तरी ही पदवी सिनेमा करायला नाही, सिनेमा वाचायला शिकवते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं चौकशीला जातात तेव्हा गल्लत इथेच होते. कॅमेरा, संकलन, ध्वनी शिकायचं तर तो रस्ता वेगळा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनीचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. बहुतेकांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, ध्वनीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र लागतं. फिल्म स्टडीजचं एम.ए. म्हणजे सिनेमाचा इतिहास, सिद्धांत, भारतीय सिनेमा, प्रबंध आणि जोडीला एखाददुसरा प्रात्यक्षिकाचा पेपर.

माहितीपत्रकावर सगळ्यात मोठा फोटो याच पेपरचा असतो, म्हणून हिशेब आधी त्याचाच. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचा पेपर असेल तर १२० तास. वर्गात ३० जण आणि कॅमेरे दोन, म्हणजे २४० कॅमेरा-तास भागिले ३०. प्रत्येकाच्या वाट्याला ८ तास. तेही कॅमेरा रोज चालू राहिला, बॅटरी चार्ज असली आणि सुट्या आड आल्या नाहीत तर. आपल्याकडे एका लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत शूटिंगवाल्याचा कॅमेरा याहून जास्त चालतो.

कमी तासांचा तोटा कुठे दिसतो? मोबाइलवर शूट केलेलं फुटेज संकलनाला घेतल्यावर. बहुतेक मोबाइल ठरीव वेगाने फ्रेम टिपत नाहीत. उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या २७-२८ होतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि दहाव्या मिनिटाला ओठ आधी हलून जातात, शब्द मागून ऐकू येतात. उपाय साधा आहे: फुटेज आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये काढून घ्यायचं, आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवायचा आणि टेकच्या सुरुवातीला एक, शेवटी एक अशा दोन टाळ्या वाजवायच्या. दोन्ही टाळ्या जुळल्या तरच मधलं जुळलेलं असतं. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांना हे हातखंडा येतं. पदवीधराला आठ तासांत यायचं नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

मग पदवी देते काय? पाहण्याची शिस्त, आणि ती खरोखर देते. चांगल्या विभागात दहा मिनिटांचा प्रसंग घेऊन प्रत्येक कटची वेळ, शॉटचा आकार, आवाज कुठून येतोय, सगळं तक्त्यात मांडायला लावतात. हा कंटाळवाणा उद्योग चार सत्रं केला की पटकथा वाचून अहवाल लिहिणं, महोत्सवासाठी सिनेमे निवडणं, संग्रहालयात नोंदी करणं, सबटायटल तपासणं ही कामं जमायला लागतात. पैसा यातल्या त्यात सबटायटलमध्ये लवकर दिसतो. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं आणि पडद्यावर सात सेकंदांच्या वर काही ठेवायचं नाही, अशी त्याची बंधनं. 'काय करी राह्यना?' याचं 'तू काय करत आहेस?' करणारा नापास, 'काय चाललंय?' लिहिणारा पास. अहिराणी कानावर असलेल्याला इथे घरचा फायदा आहे, आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

प्राध्यापकीचं गणित मात्र जरा अवघड आहे. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेत फिल्म स्टडीज असा वेगळा विषय नाही. बहुतेक जण जनसंवाद व पत्रकारितेतून बसतात. दुसऱ्या पेपरचे १०० प्रश्न, त्यात सिनेमा थोडाच. जाहिरात, संशोधन पद्धती, माध्यम कायदा हे सगळं नव्याने करावं लागतं. शिवाय जागेच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' म्हणून कोणता विषय धरलाय, ते अर्ज करण्याआधीच नीट वाचायचं.

पैशाची बाजू. सरकारी विद्यापीठाची फी हजारांत असते, खासगी संस्थांची लाखांत. त्यावर पुण्यातली कॉट बेसिस, मेस आणि दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसचं वेटिंग. हजारांतली फी असेल तर ही पदवी परवडते, अगदी स्पर्धा परीक्षेचा विचार असला तरी. एम.ए.ऐवजी याच विषयाची मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.ए. असेल तर ती एमपीएससीला पदवीधर म्हणून चालते. लाखांतली फी कर्ज काढून, शेत गहाण ठेवून भरावी असा मोबदला यात नाही.

खासगी ठिकाणी जायचंच असेल तर प्रवेशाच्या टेबलावर गोड बोलणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळणार? संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली परराज्यातल्या विद्यापीठाशी 'टाय-अप' असेल, तर ते विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत शोधा आणि हा अभ्यासक्रम त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का तेही बघा. नुसता डिप्लोमा असेल तर बारावीनंतर तीन वर्षं घालवूनही पदवीधर म्हणवता येत नाही. दुसरं, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर त्या संस्थेच्या नावापुढे हा कोर्स दिसतो का? दिसत नसेल तर शिष्यवृत्ती धरून केलेला सगळा हिशेब कोलमडतो, आणि हे कळतं तोवर पहिला हप्ता भरून झालेला असतो. 'नंतर ॲड होईल' हे उत्तर नाही म्हणूनच ऐकायचं.

गुण द्यायचेच तर पाहणं-लिहिणं शिकवण्याला दहापैकी आठ, हातातल्या कसबाला तीन, खान्देशात परत येऊन नोकरी मिळण्याला दोन. आणि दोन वर्षं घालवायची की नाही हेच ठरत नसेल, तर एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा काही आठवड्यांचा रसास्वाद वर्ग आधी करून बघावा. रोज सिनेमा पाहून त्यावर बोलण्या-लिहिण्याचा तिसऱ्याच आठवड्यात कंटाळा आला, तर फी वाचली.