रंगीत ग्लासफिश घेण्याआधी हे वाचा

मार्चमध्ये लेकीच्या वाढदिवसाला कोल्हापुरातल्याच एका दुकानातून आठ मासे आणले. चार गुलाबी, चार हिरवे. अंग काचेसारखं आरपार आणि पाठीवर, पोटाखाली चकाकती रंगीत रेघ. "परदेशी जात आहे दादा, रंग जन्माचा," असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. ८० रुपयांना एक. वर "खाऱ्या पाण्याशिवाय जगायचे नाहीत" म्हणून मिठाचं १५० रुपयांचं पाकीटही गळ्यात मारलं.

तीन आठवड्यांत दोन मेले. तिसऱ्याच्या परावर पांढरे दाणे उठले, फ्लॉवरच्या बारीक तुऱ्यासारखे. जूनपर्यंत उरलेल्यांचा रंग जवळपास उतरला. दुकानात गेलो तर म्हणे, "कोल्हापूरचं पाणी मानवलं नसेल त्यांना."

शेवटी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या मॅडमना घरी बोलावलं. त्यांनी टाकीमागून टॉर्च धरला. मणका, बरगड्या, पोटातली हवेची पिशवी, सगळं लख्ख दिसलं. आणि जी रेघ मी अखंड समजत होतो ती तुटक निघाली, ठिपक्याशेजारी ठिपका. सुईनं टोचून कातडीखाली रंग भरलेला! लेकीला लस देताना माझा जीव वरखाली होतो, इथं बोटाएवढ्या जिवाला किती वेळा टोचलं असेल?

मासा परदेशी नाहीच. पॅराम्बॅसिस रंगा हे त्याचं शास्त्रीय नाव. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांमध्ये त्याची नोंद केली. आपल्याच नद्या-तळ्यांत, गोड्या पाण्यात राहतो, त्यामुळे मिठाची सक्तीही खोटी. ते पांढरे दाणे म्हणजे लिम्फोसिस्टिस, विषाणूचा आजार. टोचलेल्या माशांत तो बराच आढळतो, असं मॅडम म्हणाल्या.

घेताना एवढं बघा. एकाच टाकीत तोच मासा गुलाबी, हिरवा, निळा, पिवळा दिसला की समजा रंग भरलाय. या माशाचा खरा रंग म्हणजे पारदर्शक अंगावर फिकी पिवळसर-रुपेरी झाक, बाकी काही नाही. स्वस्तात मिळाला तरी रंगवलेला घेऊ नका. आपण घेतो म्हणून तर तो टोचला जातो.

माझ्याकडे आता पाच उरलेत. कोरडं खाद्य तोंडात घेऊन थुंकायचे, डासांच्या अळ्या सोडल्या की तुटून पडतात. त्या दुकानात मात्र परवा नवी टाकी भरलेली दिसली, या वेळी जांभळे.